फौजदारी न्यायालयातले शब्द



वसंत व्याख्यानमालेला कायद्याचा विषय परका नाही. पुण्यात १८७५ साली ज्यांनी ही प्रथा घालून दिली ते न्यायमूर्ती माधव गोविंद रानडे स्वतःच न्यायासनावर बसणारे गृहस्थ होते. तेव्हा एखाद्या वकिलाला येथे बोलावणे यात नवल काही नाही. मात्र व्याख्यानाच्या व्यासपीठावर वकिलाला एक सोय अशी मिळते की, समोर प्रतिपक्षाचा वकील नसतो. घड्याळाखेरीज कोणी हरकत घेत नाही. या सोयीचा गैरफायदा होऊ नये म्हणून मी माझा विषय आधीच आखूड करून घेतला आहे. सबंध फौजदारी कायदा सांगण्याचा माझा विचार नाही. त्या कायद्यातले काही शब्द तेवढे घेऊन आपल्यापुढे आलो आहे.

शब्दच का, असे कोणी विचारील. माझ्या व्यवसायात जे पाहिले त्यावरून सांगतो. सामान्य मनुष्य फौजदारी कोर्टाची पायरी आयुष्यात बहुधा एकदाच चढतो, आणि तोही घाबरलेला असतो. त्या वेळी त्याच्या कानांवर पाच-पन्नास शब्द आदळतात. त्यांतला एखादा शब्द चुकीचा समजला, तर त्या समजुतीची किंमत कधी पैशांत द्यावी लागते, कधी तुरुंगातल्या दिवसांत. "गुन्हा अजामीनपात्र आहे" एवढे ऐकून घरी परत गेलेली आणि महिनाभर जामिनाचा अर्जच न केलेली माणसे मी पाहिली आहेत.

हे शब्द आले कोठून, तेही पाहण्यासारखे आहे. फिर्याद आणि गुन्हा हे फारसीतले. जामीन, वकील, कैद हे अरबीतले. मुचलका हा तुर्की वंशाचा. आरोप, साक्षी, पंच हे संस्कृतातून आलेले. समन्स, वॉरंट, रिमांड हे इंग्रजांनी आणून ठेवले ते इंग्रज गेले तरी गेले नाहीत. ज्याची ज्याची सत्ता या भूमीवर आली, त्याने आपला एखादा शब्द कचेरीत मागे ठेवला. आपले राज्यकर्ते बदलले तरी कारकुनाच्या दप्तरातली भाषा साठत गेली, असे म्हटले तरी चालेल.

त्यातच अलीकडे कायद्यांची नावेही बदलली. १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा हे तिन्ही जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम असे तीन कायदे अमलात आले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनीच दंड संहिता लागते. म्हणून वकिलांना पुढची काही वर्षे दोन्ही पुस्तके काखेत घेऊन हिंडावे लागणार. कलमांचे आकडे तर पार विस्कटले. लबाड माणसाला 'चारसोवीस' म्हणण्याची आपली पद्धत इतकी रुळली की राज कपूर यांनी १९५५ साली त्या आकड्यावर चित्रपटच काढला. नव्या न्याय संहितेत कलमेच मुळी ३५८ आहेत! फसवणूक आता कलम ३१८ मध्ये जाऊन बसली आहे. आणि ज्या ३०२ या आकड्याने अंगावर काटा येत असे, त्या आकड्याखाली आता धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने बोललेल्या शब्दांचा गुन्हा आहे. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली. लोकांच्या तोंडचे आकडे इतक्यात बदलतील असे मला वाटत नाही.

असो. आता आपण एका बांधावर जाऊ. समजा, दोघे चुलत भाऊ आहेत, शेजारी शेजारी शेत आहे, आणि मधला बांध कोणी किती कोरला यावरून तंटा आहे. महाराष्ट्रात हा तंटा काल्पनिक मानण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी शिवीगाळ झाली. दुसऱ्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या पाठीत काठी घातली, वळ उठला. तिसऱ्या दिवशी ठोसा बसला आणि समोरचा एक दात पडला. चौथ्या दिवशी कोयता निघाला आणि हाताचे हाड तुटले. चार दिवस, एकच बांध, तेच दोन भाऊ. पण कायद्याच्या दृष्टीने हे चार निरनिराळे प्रसंग आहेत.

पहिल्या दोन दिवशी मार खाणारा भाऊ पोलीस ठाण्यात गेला तर ठाणे अंमलदार त्याला सांगेल, "तुमची एनसी घेतो." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. आता 'अदखलपात्र' हा शब्द ऐकून आपल्या मनात काय येते? दखल घेण्याच्या योग्यतेचाच नाही, क्षुल्लक आहे, असे येते. भाऊ चिडून म्हणतो, "माझी पाठ सुजली आहे आणि साहेब म्हणतात दखल घेण्यासारखे काही नाही!" वास्तविक त्या शब्दाचा अर्थ गुन्हा लहान की मोठा असा नसून, पोलिसांनी आपल्या अधिकारात कोठवर जावे एवढाच आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटावाचून अटक करू शकतात आणि कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावाचून त्यांना तपास करता येत नाही. न्यायालयाचा दरवाजा मात्र त्या भावाला उघडाच आहे. तो स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जाऊन फिर्याद देऊ शकतो. माझ्या मते मूळ कायद्याचे भाषांतर करणाऱ्यांनी येथे मराठी माणसावर थोडा अन्याय केला. 'दखल' या शब्दाला आपल्या भाषेत जी मानाची छटा आहे ती मूळ शब्दात नाही.

तिसऱ्या दिवसाचा दात फार महत्त्वाचा आहे. साधी दुखापत आणि गंभीर दुखापत यांतला फरक रक्त किती वाहिले यावर ठरत नाही. डोक्याला खोक पडून सदरा भिजला तरी ती दुखापत कायद्याने साधी असू शकते. आणि रक्ताचा थेंब न पडता दात मोडला किंवा हाड सरकले तर ती गंभीर होते. कायद्याने गंभीर दुखापतीचे प्रकार मोजून दिले आहेत, त्यांत दात आणि हाड स्पष्ट शब्दांत आले आहेत. ज्या दुखापतीने माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपली नित्याची कामे करू शकत नाही, तीही गंभीर. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. म्हणून मारामारीनंतर सरकारी दवाखान्यातला दाखला ही पहिली गरज. दात पडला असेल तर डॉक्टरांना तोंड उघडून दाखवावे, नुसता सुजलेला गाल दाखवून परत येऊ नये.

पण गंमत पुढेच आहे. ठोशाने केलेली ही गंभीर दुखापत दखलपात्र आहे, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तरीही ती जामीनपात्र आहे. म्हणजे दखलपात्र ते सगळे अजामीनपात्र, अशी जी समजूत आहे तीही खरी नव्हे. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत: पोलीस आपण होऊन हलू शकतात का हा एक, आणि पकडलेला माणूस हक्काने सुटू शकतो का हा दुसरा. चौथ्या दिवशीच्या कोयत्यापाशी मात्र दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या भावाच्या विरुद्ध जातात.

आता ठाण्यात जे लिहून घेतात त्याबद्दल. आपण त्याला फिर्याद म्हणतो, आणि देणाऱ्याला फिर्यादी. कायद्याच्या काटेकोर भाषेत मॅजिस्ट्रेटपुढे केलेली तक्रार ती फिर्याद; पोलिसांना दिलेली ती खबर, पहिली खबर, जिला सगळे एफआयआर म्हणतात. 'खबर' हाच शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण तेथे पुरावा द्यावयाचा नसतो, गुन्हा घडल्याचे कळवावयाचे असते. ती देण्यासाठी आपण स्वतः मार खाल्लेला असला पाहिजे असेही नाही. दखलपात्र गुन्हा घडल्याचे खबरेवरून दिसत असेल तर ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी यांच्या प्रकरणात सांगितले. "ती जागा आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तरही आता चालत नाही. खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावी आणि नंतर योग्य त्या ठाण्याकडे पाठवावी, असे नव्या संहितेत लिहिलेच आहे. ठाण्याने नकार दिला तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे आणि तेथेही काही न झाल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा. खबर वाचून दाखवून घ्यावी, मग सही करावी, आणि तिची नक्कल घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. नकलेला पैसे पडत नाहीत.

सहीचा विषय निघाला म्हणून येथेच सांगून टाकतो, कारण या बाबतीत सुशिक्षितही गोंधळतात. तीन कागद आहेत आणि तिघांचा नियम वेगळा आहे. खबर देणाऱ्याने खबरेवर सही करावयाची. पंचनाम्यावर पंचांनी करावयाची. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर करू नये आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. पण तपासाच्या ओघात पोलीस आपला जो जबाब लिहून घेतात त्यावर सही करावयाची नाही, असे कायदा स्वतःच सांगतो. हा नियम शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यामागे शहाणपण आहे: त्या जबाबाने माणूस बांधला जाऊ नये, त्याने खरे काय ते कोर्टात शपथेवर सांगावे. वर्तमानपत्रांत आपण वाचतो की, "आरोपीने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली दिली." वाचून आपण निकाल लावून मोकळे होतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली, समजा तोच कोयता विहिरीतून निघाला, तर कबुलीतला त्या शोधापुरता भाग तेवढा येतो.

आणि 'आरोपी' म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे मला येथे सांगावे लागावे याचे वाईट वाटते, पण लागते. आपल्या गल्लीत पोलिसांची गाडी आली की त्या घरच्या मुलीचे लग्न मोडते. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. दोष सिद्ध होईपर्यंत कायदा त्याला निर्दोष मानतो. शेजारीपाजारी मानत नाहीत, आणि त्याच्यावर कोणत्याही कलमात उपाय नाही.

अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला त्याला मिळाला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. हे कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही, संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला, अपवादात्मक परिस्थिती आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी असल्याखेरीज, अटक करता येत नाही. स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठ वर्षांवरील वृद्धांना साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही; पोलिसांनी त्यांच्या घरी गेले पाहिजे.

मॅजिस्ट्रेटपुढे गेल्यावर दोन शब्द ऐकू येतात. कोर्टाच्या व्हरांड्यातले लोक त्यांना पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. पहिला म्हणजे पोलीस कोठडी, दुसरा न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडीत माणूस तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात राहतो. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात जातो आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाखाली असतो. "न्यायालयीन कोठडी सुनावली" हे ऐकून घरची माणसे रडू लागतात, जणू शिक्षाच झाली. शिक्षा झालेली नसते; उलट जामिनाचा अर्ज जोराने चालविण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते. पोलीस कोठडी एकंदर पंधरा दिवसांहून अधिक देता येत नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागे. नव्या संहितेप्रमाणे हे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही मागता येतात. हा बदल मला व्यक्तिशः रुचलेला नाही. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या हाती जाणार नाही, असा जो एक विसावा होता तो त्यामुळे गेला.

आता जामीन. या एका शब्दावर मी तासभर बोलू शकेन. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. तो ठाण्यातच मिळाला पाहिजे, त्यासाठी कोणाच्या हातापाया पडण्याचे कारण नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तेथे हक्क नाही, न्यायालयाचा विवेक आहे. गुन्हा किती गंभीर, माणूस पळून जाईल का, साक्षीदारांवर दडपण आणील का, या गोष्टी पाहून न्यायाधीश ठरवितात, आणि अशा गुन्ह्यांत रोज जामीन मिळत असतात. आपल्या भाषेतला 'अ' हा उपसर्ग फार कडक आहे. 'अशक्य' म्हटले की दार बंद. 'अजामीनपात्र' मधला 'अ' इतका कडक नाही.

अटक होण्याचीच भीती असेल तर अटकपूर्व जामीन आहे. तो सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय देते. १८९८ च्या जुन्या संहितेत हा प्रकार नव्हता, १९७३ च्या संहितेने तो आणला.

जामीन मंजूर झाला तरी गोष्ट संपत नाही. जामीनदार लागतो. त्याच्याकडे ऐपतीचा दाखला मागतात, सातबारा मागतात. ज्याला सातबाराच नाही त्याने काय करावे? मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जामीन मिळाला होता. पण मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहण्यास आला तेव्हा तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे दोन्ही अमान्य केले. आपल्याच देशात जिल्ह्याची वेस ओलांडली की माणूस परका होतो काय, असा तो प्रश्न होता. जामीनदाराऐवजी माणसाने स्वतःच लिहून दिलेला बंध म्हणजे जातमुचलका. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत ज्याला जामीनदार मिळत नाही, तो निर्धन आहे असे धरून त्याला जातमुचलक्यावर सोडले पाहिजे, असे कायद्यातच आहे. विचारावे मात्र लागते.

जामीन राहणाऱ्यांनाही एक शब्द सांगतो. जामीनदार आरोपीच्या चारित्र्याची हमी देत नाही. तारखेला तो कोर्टात हजर राहील, एवढीच हमी तो देतो. तो पळाला तर जामीनदाराचे पैसे जातात. जामीनदाराला त्याच्या गुन्ह्याची शिक्षा होत नाही. हे न कळल्यामुळे सख्खे भाऊ ऐन वेळी तोंड फिरवितात.

आणखी एक जामीन आहे, त्याला वर्तमानपत्रे 'तांत्रिक' म्हणतात. माणूस कोठडीत असताना पोलिसांनी ठराविक मुदतीत दोषारोपपत्र दिले पाहिजे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे अगर अधिक कैद अशा गुन्ह्यांत नव्वद दिवस, इतरांत साठ दिवस. ती मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क उत्पन्न होतो, मग गुन्हा केवढाही असो. पण हा हक्क आपण होऊन चालत येत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्जापूर्वी दोषारोपपत्र येऊन पडले तर तो मावळतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी कोर्टात असणे आणि दुपारी असणे यांत माणसाच्या स्वातंत्र्याचा फरक पडतो. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतील व्यक्तींना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता तेथून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने तो त्यांचा हक्क आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

तपास संपला आणि पुरावा मिळाला की पोलीस दोषारोपपत्र देतात. पुरावा न मिळाला तर आपल्या महाराष्ट्रात 'समरी' मागतात, आणि तिची अक्षरे आहेत. 'ए' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण करणारा सापडला नाही. 'बी' म्हणजे खबर खोटी आणि द्वेषाने दिलेली. 'सी' म्हणजे खरीही नव्हे, खोटीही नव्हे. गैरसमज झाला किंवा तंटा दिवाणी स्वरूपाचा आहे. बांधाची पुष्कळ प्रकरणे या तिसऱ्या अक्षरात विसावतात. खबर देणाऱ्याला हे आधी कळविले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. नोटीस आली की ती फडताळात ठेवून देऊ नये, विशेषतः अक्षर 'बी' असेल तर.

दोषारोपपत्र पोलीस देतात, दोषारोप न्यायालय ठेवते. खटला उभा राहण्याजोगा पुरावाच नाही असे दिसल्यास त्या पायरीवरच आरोपीला सोडतात. ही सुटका आणि खटला चालून झालेली सुटका यांत अंतर आहे. पहिलीत नवा पुरावा निघाल्यास प्रकरण पुन्हा उभे राहू शकते. दुसरीनंतर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. सरकारला वरच्या न्यायालयात अपील करता येते, ती गोष्ट निराळी.

साक्षीदाराची सरतपासणी त्याला बोलावणारा पक्ष करतो, उलटतपासणी विरुद्ध पक्ष करतो. साक्षीदार आपल्याच पक्षाला प्रतिकूल बोलू लागला की त्याला 'फितूर' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे किल्ल्याचे दरवाजे उघडून देणाऱ्यांसाठी होता! कायद्यात असा शब्दच नाही. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, एवढेच कायद्यात आहे. आणि तो फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष केराच्या टोपलीत जात नाही. जेवढी विश्वासार्ह तेवढी घेता येते. ज्याला फितूर म्हणून आपण हिणवतो तो कधी विकला गेलेला असतो, कधी भ्यालेला असतो, आणि कधी पोलिसांनी त्याच्या नावावर जे लिहिले होते ते त्याने मुळात सांगितलेलेच नसते.

आता खून आणि सदोष मनुष्यवध. माणूस मेला म्हणजे खूनच झाला असे नाही. मारण्याचा उद्देश, परिणामाची जाणीव आणि परिस्थिती पाहून कायदा पायऱ्या पाडतो, आणि गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला असेल तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. मुंबईतला नानावटी खटला जुन्या माणसांना आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयातल्या नऊ ज्यूरींपैकी आठांनी त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, तेथे खून शाबीत होऊन जन्मठेप झाली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सगळा प्रश्न 'आकस्मिक' या एका शब्दाचा होता. पत्नीकडून हकीकत ऐकल्यावर नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले, तिला आणि मुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतले, आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. मधल्या सुमारे तीन तासांत मन थाऱ्यावर येण्यास अवसर होता, असे न्यायालयाने म्हटले. पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली. ज्यूरीची पद्धत या खटल्याने नाहीशी झाली असे जे सांगतात ती अतिशयोक्ती आहे. ती आधीपासूनच ठिकठिकाणी मोडीत निघाली होती, आणि १९७३ च्या संहितेत तिला जागा राहिली नाही.

बांधावरच्या भावांनाही हेच घड्याळ लागू होते. हातात होते त्या फावड्याचा घाव तत्क्षणी बसणे वेगळे, आणि घरी जाऊन, जेवून, कोयता घेऊन परत येणे वेगळे.

निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द आले की गावात म्हणतात, "केले होते त्यानेच, पण सुटला." कायद्याला निर्दोषपणाच्या पायऱ्या ठाऊक नाहीत. दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, म्हणजे माणूस दोषमुक्त.

शिक्षेच्या शब्दांपैकी एकच घेतो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळी मोजतात, अशीही एक कंडी आहे. दोन्ही खोटे. पूर्वी हिचे नाव जन्मठेप काळे पाणी होते; १९५५ च्या दुरुस्तीने काळे पाणी गेले आणि आजन्म कारावास राहिला. गांधीखून खटल्यातील कैदी गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात असे मांडले होते की, मिळालेली सूट धरता आपली शिक्षा भरली. १९६१ साली न्यायालयाने सांगितले, जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत. सूट देऊन सोडणे हा सरकारचा अधिकार आहे, कैद्याचा हक्क नाही. मग चौदा हा आकडा आला कोठून? १९७८ च्या दुरुस्तीने ठरविले की, ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला सरकारने चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वी सोडू नये. म्हणजे तो आकडा शेवटचा नव्हे, कमीत कमी आहे. लोकांनी तळालाच छत समजले.

शेवटचा शब्द 'नक्कल'. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि विनामूल्य मिळते. अपिलाची मुदत सत्र न्यायालयाकडे तीस दिवस आणि उच्च न्यायालयाकडे साठ दिवस; मृत्युदंडाला मात्र तेथेही तीसच दिवस. आणखी प्रमाणित नक्कल लागली तर त्याच दिवशी अर्ज टाकावा आणि अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची, अशा दोन्ही तारखा तिच्यावर पडल्या आहेत ना ते कारकुनासमोरच पाहून घ्यावे, कारण तेवढे दिवस मुदतीतून वजा होतात.